नेबिओलोची पारख कशी करावी

नेबिओलो या द्राक्षाची वाइन प्रथमच चाखणाऱ्याची फसगत रंगापासूनच सुरू होते. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरला, तर खालची छापील अक्षरे वाचता येतील इतकी ती पातळ दिसते, कडेला विटकरी झाक असते, आणि ही हलकी वाइन असावी असे वाटते. पहिल्या घोटानंतर मात्र कडक कोरा चहा प्यावा तशा हिरड्या आवळून येतात. म्हणून या द्राक्षाच्या बाबतीत डोळ्यांवर कमी आणि जिभेवर अधिक भिस्त ठेवावी. याच्या सालीतली रंगद्रव्ये फारशी टिकाऊ नसतात, त्यामुळे वाइन तरुण असतानाच नारिंगीकडे झुकू लागते. या छटेवरून ती उतरली असा निष्कर्ष काढू नये.

हे द्राक्ष इटलीच्या वायव्येकडील पिएमोंते प्रांतात, विशेषतः आल्बा शहराभोवतीच्या लांगे टेकड्यांवर, खऱ्या अर्थाने रमते. त्याचे नाव धुक्यासाठी असलेल्या ‘नेब्बिया’ या इटालियन शब्दावरून पडले असे बहुधा सांगितले जाते, आणि काढणीच्या दिवसांत तिथल्या दऱ्या खरोखरच धुक्याने भरलेल्या असतात. वेलीला फूट लवकर येते, पण घड पिकतात फार उशिरा, बहुधा ऑक्टोबरात. म्हणजे वसंतातल्या गोठवणाऱ्या दहिवराचा धोकाही तिलाच आणि शरदातल्या पावसाचाही. साहजिकच दक्षिणेकडे तोंड असलेले, दिवसभर ऊन खाणारे उतार नेबिओलोसाठी राखले जातात, तर बार्बेरा आणि दोल्चेत्तो या तिथल्याच इतर द्राक्षांना उरलेल्या जागांवर समाधान मानावे लागते. काडीच्या बुडाजवळच्या डोळ्यांतून सहसा घड निघत नाहीत, त्यामुळे छाटणीत लांब काडी राखणेही भाग पडते. इतके नखरे असलेले द्राक्ष जगात इतरत्र फारसे का रुजले नाही, हे वेगळे सांगायला नको.

बाटली निवडताना लेबलावरचे गाव वाचायला शिकावे. बारोलो आणि बार्बारेस्को या नेबिओलोच्या दोन नामांकित वाइन. बारोलो ११ गावांच्या हद्दीत होते, आणि काढणीच्या वर्षातील १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने, त्यांतले १८ लाकडी पिंपात, मुरल्याशिवाय ती विकता येत नाही. रिझेर्वा, म्हणजे अधिक काळ मुरवलेल्या बारोलोसाठी, ही मुदत ६२ महिने आहे. बार्बारेस्कोला २६ महिने पुरतात, त्यांपैकी ९ लाकडात. दोन्ही केवळ नेबिओलोच्याच असतात आणि दोघींनाही १९८० मध्ये इटलीतला सर्वोच्च दर्जा मिळाला. बारोलोच्या आतही भेद आहेत: ला मोर्रा गावच्या निळसर-करड्या, चुनखडीयुक्त मातीतली वाइन सुगंधी आणि तुलनेने लवकर मवाळ होणारी, तर सेर्रालुंगा दाल्बा गावच्या अधिक घट्ट, वाळूच्या खडकाचे थर असलेल्या जमिनीतली कडक आणि दीर्घकाळ वाट पाहायला लावणारी. हे ठोकताळेच आहेत, कारण उत्पादकाचा हात कधी कधी मातीपेक्षा वरचढ ठरतो. नवख्याने मात्र थेट सेर्रालुंगाच्या कोवळ्या बाटलीला हात घालू नये. आधी साधी लांगे नेबिओलो, मग बार्बारेस्को, शेवटी बारोलो हा क्रम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

वाइन १६ ते १८ अंश सेल्सिअसला, रुंद पोटाच्या पेल्यात, एक तृतीयांशाहून कमी ओतावी. फार थंड असली, तर तुरटपणा अधिकच बोचतो. आधी पेला न हलवता वास घ्यावा: गुलाबाच्या वाळत आलेल्या पाकळ्या आणि आंबट चेरी लगेच जाणवतात. मग पेला फिरवल्यावर डांबराचा गंध वर येतो, आणि गुलाबासोबतचे हे विचित्र साहचर्य एकदा ओळखीचे झाले, की नेबिओलो डोळे मिटूनही सापडते. घोट काही क्षण तोंडात खेळवावा आणि गिळल्यानंतर पाहावे, की फळाची चव आधी विरते की तुरटपणा. तुरटपणा एकटाच मागे रेंगाळला, तर वाइन कोवळी आहे किंवा तोलात कमी पडली आहे. हीच परीक्षा अन्नासोबत पुन्हा करावी, कारण तुरटपणा देणारे टॅनिन हे द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना धरते, आणि अन्न सोबत असले की त्याचा जोर कमी होतो. लोणी घातलेली ताजारिन शेवयांसारखी पास्ता किंवा बारोलोतच शिजवलेले गोमांस सोबत असले, की तोच कडकपणा बराच निवळतो.

कोवळी बारोलो दुसऱ्या भांड्यात ओतून तास-दोन तास हवेत ठेवावी. जुन्या बाटलीला उलट वागणूक द्यावी: आदल्या दिवशी ती उभी करून गाळ तळाशी बसू द्यावा, उघडल्यावर मानेमागे दिवा धरून एका संथ धारेत ओतावी, आणि गाळाची पहिली काळी रेघ मानेशी आली, की हात थांबवावा.