बाहा बसवण्याआधी एक वही करावी

ऑडिओग्रामवरची, म्हणजे श्रवण तपासणीच्या आलेखावरची, रेघ सुधारली की कानाच्या डॉक्टरांच्या दृष्टीने शस्त्रक्रिया यशस्वी ठरते. घरातला माणूस पंगतीत पुन्हा बोलू लागला की नाही, हे मात्र त्या कागदावर उमटत नाही. म्हणून कानामागच्या हाडात बसवायचे श्रवणयंत्र, म्हणजे बोलण्यात ज्याला ‘बाहा’ म्हणतात ते, घेण्याचा विचार असेल तर शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी शंभर पानी वही आणावी.

कान सतत वाहत असल्यामुळे ज्यांना साध्या श्रवणयंत्राचा साचा कानात घालता येत नाही, ज्यांच्या कानाची नळी जन्मतःच तयार झालेली नाही किंवा ज्यांचा एक कान पूर्ण गेला आहे, अशांसाठी हे यंत्र असते. टायटॅनियमचा तीन-चार मिलिमीटरचा स्क्रू हाडात रुजतो आणि त्यावर अडकवलेल्या प्रोसेसरची, म्हणजे आवाज टिपणाऱ्या बाहेरच्या यंत्राची, कंपने कवटीतून थेट आतल्या कानापर्यंत पोहोचतात. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९७७ मध्ये पहिल्या रुग्णांवर हा प्रयोग झाला.

वहीच्या पहिल्या पानावर ज्यांत ऐकू न येण्याचा खरोखर त्रास होतो असे पाच प्रसंग लिहावेत. ऑस्ट्रेलियातील ऑडिओलॉजिस्टांनी, म्हणजे श्रवणतज्ज्ञांनी, रूढ केलेल्या ‘कोसी’ या पद्धतीचा गाभा एवढाच आहे. मात्र ‘चारचौघांत नीट ऐकू यावे’ असे लिहिल्यास पुढे काहीच मोजता येत नाही. ‘सून ओट्याकडे तोंड करून, नळ चालू असताना “चहा टाकू का?” असे विचारते, ते पहिल्या वेळी कळावे’ असे लिहावे. बँकेतल्या काचेपलीकडून पुकारलेला टोकन क्रमांक, आतल्या खोलीत बसून मोजायच्या कुकरच्या शिट्ट्या, असे आपापले प्रसंग निवडावेत. प्रत्येकापुढे तो सध्या किती वेळा साधतो, हे जवळजवळ कधीच नाही (१० टक्के), क्वचित (२५), निम्म्या वेळा (५०), बहुतेक वेळा (७५) किंवा जवळजवळ नेहमी (९५) यांपैकी एका शब्दात नोंदवावे. हेच पान घरच्या एका व्यक्तीकडून, आपले न दाखवता, वेगळे भरून घ्यावे. दोन्ही पाने शेजारी ठेवली की थोडी वादावादी होते, पण ती उपयोगाची असते.

नंतर पट्ट्यावर बसवलेला प्रोसेसर डोक्याला बांधून काही दिवस घरी वापरून पाहावा. दवाखान्यातल्या शांत खोलीत पंधरा मिनिटे ऐकून निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पट्ट्याखालची त्वचा वरच्या पट्टीचे आवाज थोडे गिळते. त्यामुळे ‘स’ आणि ‘श’ पुसट वाटले तरी थेट स्क्रूवर बसणाऱ्या यंत्रात ते अधिक स्पष्ट होण्याची शक्यता असते. एक कान शाबूत असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. गेलेल्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पोहोचतो खरा, पण हॉर्न नेमका कुठून वाजला हे त्यामुळे कळू लागत नाही. आणि गोंगाट त्याच बाजूला असेल, तर तोही चांगल्या कानात येऊन पडतो. ही अपेक्षा आधी दुरुस्त न केल्याने निराश झालेली माणसे कमी नाहीत.

स्क्रू हाडात रुजण्यास काही आठवडे ते तीन महिने लागू शकतात. प्रोसेसर मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात वही उघडू नये, कारण त्या दिवसांत भांड्यांचा खणखणाट आणि स्वतःचाच आवाज अंगावर येतो. तीन महिन्यांनी आणि पुन्हा वर्षाने तेच पाच प्रसंग नव्याने भरावेत. दवाखान्यात कदाचित ‘ग्लासगो बेनिफिट इन्व्हेंटरी’ ही १८ प्रश्नांची यादी दिली जाईल. तिचे गुण उणे १०० ते अधिक १०० असे येतात आणि शून्य म्हणजे काहीच फरक नाही. पण ती उपचारानंतरच भरायची असल्याने आधीचे दिवस आठवणीतूनच तोलावे लागतात, आणि म्हणूनच आधी लिहिलेल्या पानाची किंमत मोठी आहे.

वहीच्या मागच्या बाजूला तक्रारींची नोंद ठेवावी. स्क्रूभोवती लाली, ओल किंवा दुखणे कधी होते, ते तारखेसह लिहावे. ती जागा रोज मऊ ब्रशने स्वच्छ करावी लागते, आणि हा नेम ज्यांना जमणार नाही त्यांनी त्वचेखाली चुंबक असलेल्या प्रकाराविषयी विचारावे. त्या प्रकारात एमआरआयच्या वेळी काय करावे लागेल, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे. हेल्मेट कुठे टेकते, पावसाळ्यात दमटपणामुळे यंत्र बंद पडते का, बॅटरी किती दिवस पुरते, अशा बारीकसारीक गोष्टींवरच समाधान बरेच अवलंबून असते. आणि रोज प्रोसेसर किती तास डोक्यावर होता, हा आकडा खोटे न लिहिता टाकावा. माणूस समोरच्याला ‘छान आहे’ म्हणतो आणि यंत्र डबीत पडून असते, हे नेहमीचेच आहे.

एखादी ओळ वर्षभरात हललीच नाही, तर वही घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे जावे. ‘आवाज कमी वाटतो’ या तक्रारीवर ते आवाज वाढवून देतील. ‘नळ चालू असताना चहाचे कळत नाही’ असे सांगितले, तर गोंगाटासाठी वेगळा प्रोग्रॅम लावून पाहता येतो.