ब्रिटन-केनिया संबंधांचा अभ्यास : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेताना मी प्रबंधासाठी ब्रिटन आणि केनिया यांचे संबंध निवडले. अशा विषयाची सुरुवात बहुतेक विद्यार्थी व्यापार, करार आणि नेत्यांच्या भेटी यांपासून करतात. माझा आग्रह असा की, 6 जून 2013 हा दिवस आधी नीट समजून घ्यावा आणि तेथून मागे जावे.

त्या दिवशी परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी ब्रिटिश संसदेत, माऊ माऊ उठावाच्या (1950 च्या दशकातील ब्रिटिश सत्तेविरुद्धचा केनियातील सशस्त्र उठाव) काळात वसाहती प्रशासनाकडून केनियन लोकांचा छळ झाल्याचे मान्य करून खेद व्यक्त केला आणि 5,228 दावेदारांसाठी, खर्चासह, 1 कोटी 99 लाख पौंडांची तडजोड जाहीर केली. कायदेशीर जबाबदारी मात्र सरकारने नाकारलीच. हे निवेदन संसदेच्या कामकाजाच्या नोंदींत मोफत वाचता येते. सरकारवर ही वेळ का आली, हे कळण्यासाठी दप्तराकडे वळावे लागते.

वसाहतींमधील सत्तांतर जवळ आले तेव्हा, 1961 मध्ये, वसाहतमंत्री इयन मॅक्लाउड यांनी ब्रिटिश सरकारची अडचण होईल अशी कागदपत्रे नव्या सरकारांच्या हाती पडू नयेत, अशा सूचना दिल्या. ‘वॉच’ या, म्हणजे नव्या सरकारांपासून दूर ठेवायच्या, वर्गातल्या फायली केवळ युरोपीय वंशाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनीच हाताळायच्या होत्या, आणि जाळलेल्या कागदांची राखसुद्धा चुरडून टाकायची होती. जे कागद वाचले ते इंग्लंडला गेले, हॅन्स्लोप पार्क या सरकारी केंद्रात अनेक दशके पडून राहिले आणि केनियन वृद्धांनी लंडनच्या उच्च न्यायालयात लढवलेल्या खटल्यामुळे 2011 मध्ये उजेडात आले. राज्यकर्त्यांनी स्वतःच्याच कागदांना इतके भ्यावे, यापेक्षा त्या छळाचा मोठा पुरावा मला दुसरा वाटत नाही.

आता त्या फायली लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एफसीओ 141’ या मालिकेत आहेत. वाचकपत्र विनामूल्य मिळते आणि स्वतःच्या कॅमेऱ्याने छायाचित्रेही घेता येतात, त्यामुळे घरूनच ऑनलाइन सूचीतून फायलींचे क्रमांक टिपून जावे. वाचनाची सवय लागण्यासाठी एकच घटना तीन ठिकाणी वाचावी. मार्च 1959 मध्ये केनियातील होला येथील कैद्यांच्या छावणीत 11 बंदिवान मारहाणीने मरण पावले. पहिल्या सरकारी प्रसिद्धिपत्रकाने मात्र पाण्याच्या गाडीतले पाणी प्यायल्यावर मृत्यू झाल्याचे सांगितले. ते पत्रक, जुलैमधील संसदीय चर्चा आणि फायलीतला पत्रव्यवहार शेजारी ठेवले की, सरकारी मजकूर कसा घडतो हे दिसू लागते.

तथापि केवळ ब्रिटिश कागदांवर विसंबणे अपुरे आहे. माऊ माऊवरील बंदी स्वतंत्र केनियातही 2003 पर्यंत कायम होती. स्वतंत्र केनियाचे पहिले नेते जोमो केन्याटा यांनी भूतकाळ विसरण्याचे आवाहन केले, आणि गोऱ्या मळेवाल्यांच्या जमिनी विकत घेण्यासाठी केनियाने जे कर्ज काढले त्यातला मोठा भाग ब्रिटनचाच होता. दोन्ही राजधान्यांमधील सलोखा या मौनावरही उभा होता, हे माझ्या प्रबंधाचे मुख्य प्रतिपादन होते आणि आजही ते मला पटते.

मराठी विद्यार्थ्याला येथे आणखी एक धागा सापडतो. औंध संस्थानच्या राजघराण्यातील आप्पासाहेब पंत 1948 पासून नैरोबीत भारताचे आयुक्त होते, आणि आफ्रिकी राष्ट्रवाद्यांशी त्यांनी ठेवलेली जवळीक ब्रिटिश प्रशासनाला खुपत होती.

नवा विषय हवा असेल, तर पश्चिम केनियातील केरिचोच्या चहामळ्यांकडे पाहावे. तेथील तलाई आणि किपसिगिस समाजांनी वसाहतकाळात हिसकावल्या गेलेल्या जमिनींसाठी 2022 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयात ब्रिटनविरुद्ध दाद मागितली. पुढच्याच वर्षी राजे चार्ल्स यांनी नैरोबीत अत्याचारांना कोणतीही सबब नसल्याचे सांगितले, पण औपचारिक माफी मागितली नाही. त्या भाषणाचे आणि 2013 च्या निवेदनाचे बारकाईने तुलनात्मक वाचन हे प्रबंधाचे पहिले प्रकरण होऊ शकते.