प्रोग्राम उघडण्याआधी समीकरणं ठरवा

तासिका तत्त्वावर नव्याने लागलेल्यांच्या अंगावर पहिल्याच सत्रात जर्नलांचा गठ्ठा आणि प्रॅक्टिकलची परीक्षा एकदम येऊन पडते. सिंधुदुर्गातल्या लहान कॉलेजांत तर गणित शिकवणारा, लॅब सांभाळणारा आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो. ‘बहुपदी समीकरणाची मुळं काढणारा प्रोग्राम लिहा’ हा प्रश्न, भाषा सी असो वा पायथॉन, फिरून फिरून येतोच. तो तपासायचा कसा हे मात्र कुणी शिकवत नाही. मी हे काम काही वर्षं करतोय, म्हणून लिहून ठेवतो.

गणपतीत आमच्याकडे लॅब ओस पडते. घराघरात चाकरमानी आलेले, पोरं आरत्या-भजनांत. सुट्टी संपली की जर्नल पुरं करायची घाई, आणि मग एकच प्रोग्राम व्हॉट्सॲपवरून वर्गभर फिरतो. व्हेरिएबलची नावं बदललेली असतात, चुका त्याच असतात. त्यावर चिडण्यात अर्थ नाही. कुणी कुणाचं उतरवलं हे शोधण्यापेक्षा समोर बसलेल्याला ते कळलंय का हे पाहणं सोपं आणि उपयोगाचंही.

माझा एकच आग्रह आहे. कोड वाचायच्या आधी पाच-सहा समीकरणं उत्तरांसकट कागदावर लिहून ठेवा. कोड आधी वाचला की आपण नकळत लिहिणाऱ्याच्या डोक्याने विचार करायला लागतो, आणि त्याने जे सोडलं ते आपणही सोडतो. क्ष² − ५क्ष + ६ घालून २ आणि ३ आले की बरोबरची खूण, असं बरेच जण करतात. पण त्या समीकरणावर कुणाचाच प्रोग्राम अडत नाही. पोरांनी तेच घालून तो पास करून घेतलेला असतो.

वर्गसमीकरणापासून सुरुवात करा. पहिला सहगुणक शून्य द्या. पायथॉन शून्याने भागाकाराची तक्रार करून थांबेल, सी मात्र निमूटपणे ‘इन्फ’ (अनंत) किंवा ‘नॅन’ (संख्याच नाही) छापून पुढे जाईल. मग विवेचक ऋण येईल असं काही द्या, क्ष² + क्ष + १ चालेल. पायथॉनचं साधं वर्गमूळ तिथे ‘मॅथ डोमेन एरर’ देतं. मग पहिला सहगुणक ०.५ द्या. सीमध्ये इनपुट पूर्णांक म्हणून वाचलं असेल तर दशांशचिन्हापाशी वाचन थांबतं, सहगुणक शून्य होतो आणि पुढचं सगळं कोलमडतं. अशा वेळी ठरलेलं वाक्य ऐकू येतं: “सर, घराकडे बरो चलत होतो, हयच काय झाला कळना नाय.” घरी बरा चालत होताच, कारण घरी ०.५ कुणी दिलेलं नव्हतं.

इथपर्यंतचं सगळं दहावीच्या बीजगणितातलं. खरी गंमत पुढे आहे, आणि नव्या शिक्षकाने वेळ द्यायचा तो इथे.

क्ष² − ०.२क्ष + ०.०१ = ० घ्या. कागदावर विवेचक शून्य, दोन्ही मुळं ०.१. मशीनमध्ये ०.२ चा वर्ग ०.०४ पेक्षा केसभर मोठा निघतो, त्यामुळे विवेचक सुमारे ७ × १०⁻¹⁸ उरतो. ज्याने ‘विवेचक बरोबर शून्य असेल तर’ अशी अट लिहिलीय, त्याचा प्रोग्राम सांगतो: मुळं भिन्न आहेत. आणि खाली दोन दशांश स्थळांपर्यंत छापतो: ०.१० आणि ०.१०. हा पडदा विद्यार्थ्याला दाखवा आणि काहीच बोलू नका. ज्याला विषय कळलाय तो स्वतःच हसतो आणि अट बदलायला हात पुढे करतो. ज्याने उतरवलंय तो मॉनिटरकडे बघत बसतो. व्हायवाचे दहा प्रश्न विचारून जे कळत नाही ते इथे कळतं.

दुसरं आवडतं समीकरण: क्ष² − १०⁸क्ष + १ = ०. मोठं मूळ जवळजवळ १०⁸, लहान जवळजवळ १०⁻⁸. नेहमीचं सूत्र जसंच्या तसं लिहिलं तर डबल प्रिसिजनमध्येही लहान मूळ ७.४५ × १०⁻⁹ येतं, म्हणजे पाव हिस्सा चूक. जवळजवळ सारख्या दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी झाली की कामाचे अंक उडून जातात आणि उरतो तो गाळ. उपाय सोपा आहे: चिन्ह बघून आधी मोठं मूळ काढायचं आणि मुळांचा गुणाकार वापरून भागाकाराने लहान मिळवायचं. पण हा उपाय कुठून तरी उचलणाऱ्याचीही परीक्षा घेता येते. मधला सहगुणक शून्य ठेवून क्ष² − ४ द्या. शून्याचं चिन्ह शून्य देणारं फंक्शन वापरलं असेल तर ±२ च्या ऐवजी एक मूळ शून्य येतं आणि दुसऱ्यासाठी शून्याने भागाकार होतो. पहिल्या वर्षाच्या मुलाने साधं सूत्र लिहिलं म्हणून मी गुण कापत नाही, ७.४५ पाहून त्याला शंका आली का, एवढंच बघतो.

त्रिघातासाठी क्ष³ − १५क्ष − ४ = ० ठेवा. इटालियन गणिती बॉम्बेलीने सोळाव्या शतकात त्रिघात सोडवण्याच्या कार्डानोच्या सूत्रावर हेच घासून पाहिलं होतं. तिन्ही मुळं वास्तव, ४ आणि −२ ± √३, पण सूत्र ऋण संख्येच्या वर्गमुळातून जातं. ‘विवेचक ऋण, मुळं नाहीत’ छापणारे इथे लगेच सापडतात. सीमध्ये घनमुळासाठी १/३ घात लिहिला असेल तर तो पूर्णांकी भागाकाराने शून्य होतो आणि घनमूळ म्हणून १ येतो. पायथॉनमध्ये −८ चा १/३ घात −२ न येता संमिश्र संख्या येते. दोन्ही चुका एका ओळीच्या आहेत, त्यांना जास्त शिक्षा करू नका.

न्यूटनची पद्धत, म्हणजे एका अंदाजापासून सुरू करून फेरीफेरीने मुळाकडे सरकणं, वापरली असेल तर क्ष³ − २क्ष + २ द्या आणि सुरुवात शून्यापासून करा. किंमत शून्यावरून एकावर, एकावरून शून्यावर, अशी फिरत राहते. फेऱ्यांना मर्यादा घातलेली नसेल तर प्रोग्राम थांबणारच नाही. मर्यादा घातलीय, पण ती संपल्यावर शेवटची किंमत मूळ म्हणून छापलीय, तर मी ते जास्त वाईट मानतो. अडकलेला प्रोग्राम निदान खोटं बोलत नाही.

आता या पद्धतीतला सगळ्यात फसवा भाग. (क्ष − १)³ उलगडून द्या आणि सुरुवात २ पासून करा. फलनाची किंमत १०⁻⁶ पेक्षा कमी झाली की थांबा, अशी अट बहुतेकांची असते. प्रोग्राम १.००७७ वर थांबतो. विद्यार्थी ती किंमत समीकरणात घालून दाखवतो, उत्तर शून्याच्या अगदी जवळ येतं, तो खूश. मूळ मात्र दुसऱ्याच दशांश स्थळापाशी लटपटतंय. किंमत घालून ताळा करणं चांगलंच, पण पुनरावृत्त मुळापाशी तो ताळा सगळं माफ करतो. मुळं किती नाजूक असतात याचं विल्किन्सन या गणितज्ञाचं उदाहरणही आहे: १ ते २० ही मुळं असलेली बहुपदी, तिचा क्ष¹⁹ चा सहगुणक −२१०. त्यात २⁻²³ इतका बारीक बदल केला की वीसपैकी दहा मुळं संमिश्र होतात. हे परीक्षेत विचारायचं नाही. एखादा हुशार पोरगा ‘माझा प्रोग्राम कुठलंही समीकरण सोडवतो’ म्हणाला तरच काढायचं.

आणि नमपायची (पायथॉनची तयार गणिती लायब्ररी) एक ओळ लिहून आणणारे. ‘रूट्स’ला सहगुणक दिले, मुळं आली, काम झालं. सरसकट शून्य देणं मला पटत नाही. प्रश्नात पद्धत ठरवून दिलेली असेल तर गुण नाहीत, नसेल तर दोन गोष्टी विचारा. सहगुणक कुठल्या बाजूने द्यायचे? उलटे दिले तर मुळांचे व्यस्त येतात, आणि २क्ष² − ५क्ष + २ सारखं दोन्हीकडून सारखं समीकरण घेतलं तर ते लक्षातही येत नाही. दुसरा प्रश्न, आत काय चालतं? उत्तर आहे: सहगुणकांची एक चौकोनी मॅट्रिक्स रचून तिची आयगेन मूल्यं काढतात. एवढं सांगणाऱ्याने एक ओळ लिहिली तरी माझी हरकत नसते.

वेळेचं बघा. लांबच्या वाडीतल्या मुलांना शेवटची एसटी गाठायची असते, त्यांचे नंबर आधी घ्या. पावसात वीज जाते, म्हणून प्रत्येकाने कोड छापून आणावा असं आधीच सांगून ठेवा. पाच समीकरणं कागदावर असतील तर दिवे गेल्यावरही ‘इथे काय छापलं जाईल?’ हे बोट ठेवून विचारता येतं. उत्तरपत्रिकेवर शेरा लिहिताना ‘सुधारणा हवी’ लिहू नका. दिलेलं समीकरण, यायला हवं ते उत्तर आणि आलेलं उत्तर, एवढं एका ओळीत लिहा. बाह्य परीक्षकाने गुणांबद्दल विचारलं तर तीच ओळ पुढे करायची.