रुब्रिक बनवताना खरी मेहनत कुठे घ्यायची

रुब्रिक म्हणजे उत्तरं तपासायचा तक्ता: त्यात निकष असतात आणि प्रत्येक स्तराचं उत्तर कसं दिसतं याचं वर्णन असतं. आधी उद्दिष्ट एका वाक्यात लिहा. शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या १९५६ च्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणात २००१ साली सुधारणा झाली. तेव्हापासून त्यातल्या सहा पायऱ्या अशा आहेत: आठवणे, समजणे, वापरणे, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. शेवटच्या तीन उच्चस्तरीय मानतात. पण प्रश्नात 'विश्लेषण करा' असं छापल्याने तो उच्चस्तरीय होत नाही. उत्तर आधी फळ्यावर लिहून दिलं असेल, तर मूल ते फक्त आठवतं. 'बाष्पीभवन म्हणजे काय?' याऐवजी 'वारा आहे, तरी दमट हवेत कपडे लवकर का वाळत नाहीत?' असं विचारा, आणि हे उदाहरण वर्गात आधी सोडवू नका.

निकष तीनच घ्या. अक्षर आणि शुद्धलेखन त्यात मिसळू नका.

आता स्तरांची वर्णनं. इथे मी दोन वर्षं अडखळले. 'उत्तम', 'चांगले', 'बरे' असं लिहायचे. एकदा आठवड्याने तीच वही पुन्हा तपासली, तर त्याच उत्तराला दोन गुण कमी पडले. 'चांगले' म्हणजे काय हे त्या तक्त्यात कुठेच नव्हतं. त्या दिवशीचा माझा मूडच गुण देत होता. मुलांवर हा अन्याय आहे.

म्हणून वर्णनं कोऱ्या कागदावर बसून लिहूच नका. दहाबारा खरी उत्तरं घ्या, नावं झाका आणि गुण न देता चार गठ्ठे करा. चारच, कारण तीन केले की हात सारखा मधल्याकडे जातो. मग शेजारच्या दोन गठ्ठ्यांत नेमका फरक काय दिसतो ते लिहा. माझ्याकडे असं निघालं: एका गठ्ठ्यात 'हवेत ओलावा जास्त असतो' इथेच उत्तर थांबतं, वरच्या गठ्ठ्यात 'हवेत आधीच वाफ भरपूर, म्हणून कपड्यातलं पाणी हळू उडतं' असा दुवा जोडलेला असतो. हा दुवा हेच वर्णन.

'तीन कारणे दिली' असं मोजमाप तर अजिबात नको. मुलं एकच कारण तीनदा फिरवून लिहितात, आणि नेमकं एकच कारण खोलवर मांडणारी मुलगी मागे पडते.

तक्ता मुलांना काम सुरू होण्याआधी द्या. एक नमुना उत्तर त्यांच्याकडूनच तपासून घ्या. जिथे त्यांचे स्तर जुळत नाहीत, ते वर्णन त्याच दिवशी बदला.