फौजदारी वकिलीत उतरताय? रिमांड आणि जामीन आधी नीट शिका

लॉ झालेली, सनद हातात आलेली मुलं-मुली नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात पहिल्यांदा येतात तेव्हा बहुतेकांना उलटतपास बघायचा असतो. साहजिक आहे. पण फौजदारी बाजूला काही वर्षं काढल्यावर माझं ठाम मत झालंय की गरीब आरोपीचा न्याय-अन्याय बहुतेक वेळा साक्षीपुरावा सुरू व्हायच्या कितीतरी आधी ठरून गेलेला असतो. तो ठरतो पहिल्या रिमांडला, म्हणजे अटकेनंतर कोठडीत ठेवायचं की नाही हे मॅजिस्ट्रेट ठरवतात तेव्हा, आणि जामीनदार मिळतो की नाही यावर. देशातल्या तुरुंगांत दर चार बंद्यांमागे साधारण तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचाय असे. म्हणून शिकायला सुरुवात इथूनच करा.

रिमांडचं काम दिसतं अगदी किरकोळ. पोलीस आरोपीला अटकेपासून चोवीस तासांच्या आत हजर करतात, तपासी अंमलदार रिमांड रिपोर्ट देतो, सरकारी वकील पीसीआर (पोलीस कोठडी) मागतात. मॅजिस्ट्रेट विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" आरोपी मान हलवतो आणि पुढच्याचा पुकारा होतो. या दोन-चार मिनिटांत बघण्यासारखं खूप असतं. अटकेची कारणं लेखी दिली का? नातेवाइकांना कळवलं का? वैद्यकीय तपासणीचा कागद जोडलाय का? सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर नोटिशीवर भागत असताना अटकेची गरज काय होती, हे कागदावर लिहिलंय का? अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये हेच बजावलं होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 35 मध्ये आहे.

एक प्रकरण सांगते. सुरगाण्याकडचा तरुण, दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागेच्या छाटणीला आलेला. विहिरीवरची मोटर चोरल्याचा आरोप. चोरीला तीन वर्षांपर्यंतची शिक्षा, म्हणजे नोटीस देऊन सोडता आलं असतं. रिपोर्टमध्ये अटकेचं कारण एकच, 'कायमचा पत्ता नाही, फरार होण्याची शक्यता'. हंगामापुरता कामाला येणारा माणूस बागेतल्या झोपडीत राहतो, त्याचा पत्ता गावाकडेच असणार. तक्रार आहे का असं विचारल्यावर त्यानेही मान हलवली. खरं तर त्याला प्रश्नच समजला नव्हता. घरात कोकणी (कोकणा आदिवासींची बोली) बोलणारा मुलगा तो, कोर्टातली मराठी त्याच्या डोक्यावरून गेली. मी परवानगी मागून त्याला सोप्या शब्दांत विचारलं, तेव्हा कुठे तो बोलू लागला. घरच्यांना अजून काहीच कळलेलं नव्हतं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडची माणसं आपल्या कोर्टात रोज येतात. त्यांच्याशी घाई न करता बोलणं हा वकिलीचाच भाग आहे. माझ्या मते तो कलमं पाठ असण्याइतकाच महत्त्वाचा आहे.

पुढे त्याला जामीन मंजूर झाला, तरी तो नाशिकरोड कारागृहातून सुटला नाही. पंधरा हजारांचा जामीनदार हवा होता. गावात जामीन राहायला तयार असलेल्या चुलत्याच्या सातबारावर अजून आजोबांचंच नाव, आणि ओळखपाळख नसलेल्या मजुरासाठी दिंडोरीत कोण उभं राहणार? जामीन मंजूर आणि माणूस आत, हा आपल्या व्यवस्थेतला सगळ्यात संतापजनक प्रकार आहे असं मला आजही वाटतं. मोतीराम खटल्यात 1978 मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला, आणि भावाची हमी तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारली गेली. सर्वोच्च न्यायालयाने रक्कम एक हजारावर आणून त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर, सोडायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाच्याच 31 जानेवारी 2023 च्या आदेशात आणखी व्यवहारी सूचना आहेत: जामिनानंतर सात दिवसांत बंदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत कायदेशीर मदत देणारी यंत्रणा) सचिवांना कळवायचं, महिनाभरात जामीनदार दिला गेला नाही तर न्यायालयाने आपणहून अटी शिथिल करण्याचा विचार करायचा, आणि स्थानिक जामीनदाराचाच आग्रह धरायचा नाही. आमच्या अर्जात या दोन्ही निकालांचा आधार घेतला, आणि तो मुलगा जातमुचलक्यावर सुटला.

तारखा मोजायची सवय पहिल्याच महिन्यात लावून घ्या. दोषारोपपत्र गुन्ह्याच्या स्वरूपानुसार 60 किंवा 90 दिवसांत आलं नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 187). मोजताना पहिल्या रिमांडचा दिवसही धरायचा. आणि अर्ज दोषारोपपत्र दाखल व्हायच्या आधीच पडला पाहिजे, नाहीतर हक्क गेला. कलम 479 ही तसंच. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडायचं, पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त प्रकरणं प्रलंबित असली तरीही अडतं. अर्ज कारागृह अधीक्षकांनी करायचा असतो, पण वकिलाने मागे लागलेलं बरं.

फिर्यादीच्या बाजूनेही कधीतरी उभे राहा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, तपासाची प्रगती 90 दिवसांत कळवायची असते, अत्याचारपीडित महिला आणि बालकांसाठी राज्याची आर्थिक मदतीची मनोधैर्य योजना आहे. यातलं काहीच माहीत नसलेल्या बाया कोर्टाच्या आवारात ताटकळत बसलेल्या दिसतात.

आता पैशांचं. पहिली दोन-तीन वर्षं सीनियरकडे जे मिळतं ते प्रवास आणि चहापाण्यात जातं, हे घरी आधीच सांगून ठेवा. विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक (आरोपींचे मोफत बचाव वकील) कार्यालयात सहायक लोकअभिरक्षक म्हणून नवोदितांनाही संधी असते. मानधन ठरलेलं, खासगी प्रॅक्टिस मात्र बंद. विद्यार्थी असाल तर विधी स्वयंसेवक व्हा. कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 मध्येच ते आहे. तरी कर्ज काढून वकील लावलेले नातेवाईक मी सतत बघते. त्यांना 15100 हा हेल्पलाइन क्रमांक लिहून द्यायचा. न्यायाधीश व्हायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2025 च्या निकालानंतर तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली आहे. ती वर्षं फक्त तारखा मागण्यात घालवू नका.

कारागृहात मुलाखतीला जाताना वकीलपत्राचा कोरा फॉर्म आणि बंदीचा गुन्हा नंबर सोबत ठेवा. परत आल्यावर त्याच्या घरी फोन करा, पुढची तारीख सांगा, आणि कुठले कागद घेऊन यायचे तेही सांगा.