डिमेन्शियाच्या पेशंटला ॲडमिट करताय? आधी एक कागद लिहा

घरात डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं माणूस असलं आणि पडून खुबा मोडला नाहीतर न्यूमोनिया झाला की ॲडमिट करावंच लागतंय, मग ते कोल्हापूरचं सरकारी सीपीआर हॉस्पिटल असो नाहीतर राजारामपुरीतलं प्रायव्हेट. सिस्टरला फाईलमध्ये वय दिसतं, आजार दिसतो, पण तुमचे आबा कोण आहेत ते तुम्हीच सांगायचं.

वहीचं एक पान घ्या, मोठ्या अक्षरात मराठीत लिहा. (ब्रिटनमध्ये अल्झायमर्स सोसायटीचा यासाठी छापील फॉर्मच आहे, आपल्याला वही बास.) सगळ्यात वर हाक काय मारायची ते, कारण कागदावरच्या नावाला ढिम्म हलणार नाहीत पण "आबा" म्हटलं की वळतील. मग सवयी. आयुष्यभर म्हशी सांभाळलेला माणूस पहाटे ४ ला बेडवरनं उठून चालू लागला की वॉर्डात वाटतं पेशंट त्रास देतोय, अहो तो धार काढायला निघालाय! तालमीत मुरलेला असेल तर ते लिहा, सिस्टरला बोलायला विषय मिळतो. भाकरी दुधात कुस्करून लागते का, लघवीला लागली की काय करतात, आणि दुखतंय हे तोंडानं सांगता येत नसेल तर कसं ओळखायचं, म्हणजे आठ्या, कण्हणं, हात झटकणं. एक कॉपी फाईलला, एक बेडजवळ, शिफ्ट बदलली की नवीन सिस्टरला दाखवायची.

चष्मा, कानाचं मशीन, कवळी सोबत पाहिजेच. धड दिसत-ऐकू येत नसलं की गोंधळ वाढतो.

आता महत्त्वाचं. दोन दिवसात माणूस एकदम बडबडायला लागला किंवा उलट नुसता झोपूनच राहिला, तर "वयच झालंय" म्हणून सोडू नका. बहुतेकदा ते डेलिरियम असतं, म्हणजे आजारपणात अचानक उडालेला डोक्याचा गोंधळ. इन्फेक्शन, तुंबलेली लघवी, साफ न झालेलं पोट, कमी पाणी, दुखणं, नवीन गोळी, यातलं काहीही कारण असू शकतं. डॉक्टरांना नेमकं सांगा, "परवापर्यंत नातवाला ओळखत होते, कालपासनं नाही." घरच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं दाखवा, सर्दीची, झोपेचीसुद्धा, त्यातल्या काहींनी गोंधळ वाढतो.

सलाईन उपसतात म्हणून हात बांधायची वेळ आली तर आधी विचारा, सलाईन अजून लागतंय का, वरनं पट्टी गुंडाळून लांब बाहीचा शर्ट घातला तर चालेल का. संध्याकाळी तगमग जास्त होते, तेव्हा घरचं कोणीतरी जवळ पाहिजे, दिवे लावलेले पाहिजेत. "घरी जायचंय" म्हटलं की वाद घालू नका, घरच्या म्हशीचं विचारा.

आणि ती बघायला येणारी पावणेमंडळी! शहाळं ठेवलं की पहिला प्रश्न, "मला ओळखलंसा काय?" परीक्षा घेऊ नका म्हणावं, स्वतःच नाव सांगा, एका वेळी दोघंच आत.

डिस्चार्जला गोळ्यांची यादी समजून घ्या, कुठली बंद, कुठली नवीन, आणि वॉर्डात झोपेची सुरू केली असेल तर ती कधी थांबवायची हे डॉक्टरांकडनं कागदावर लिहून घ्या.