एकाला ओढ, दुसऱ्याला नको: जोडप्यांनो, या चुका टाळा

एकाला जवळ यावंसं वाटतं, दुसऱ्याला नुसतं झोपावंसं वाटतं. लग्नाला दोन वर्षं झालेली असोत की वीस, बहुतेक घरांत हे कधी ना कधी होतंच. कोल्हापुरात समुपदेशनाला येणारी जोडपी मात्र ते थेट सांगत नाहीत. निम्मा तास कर्जाचे हप्ते, सासूबाई, पोरांची शाळा यांत जातो आणि खरी गोष्ट उठता उठता, दारापाशी निघते: "तसं काही राहिलंच नाही बघा आमच्यात." ओढ कमी-जास्त असण्यात कुणाचाच गुन्हा नाही. दुखणं वाढतं ते पुढच्या चुकांनी.

"आज नको" म्हणजे "तू नकोस" असं समजणं

नकार मिळालेला माणूस तो मनाला लावून घेतो. मी आवडेनासा झालो का, बाहेर कुणी आहे का, इथपर्यंत विचार जातात. पण इच्छा सगळ्यांना एकाच वाटेनं येत नाही. काहींना ती आपसूक येते. काहींना निवांतपणा मिळाला, दोन शब्द प्रेमाचे झाले, अंगावरून हात फिरला की मग हळूहळू जागी होते. कॅनडातल्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २००० साली स्त्रियांच्या बाबतीत ही मांडणी केली. अनेक पुरुषांचंही असंच असतं. अशा माणसाला रात्री अकरा वाजता "मूड आहे का?" विचारलं तर उत्तर "नाही" असंच येणार. मात्र "थोडं रेटलं की तयार होईल" असा अर्थ यातून कुणी काढू नये.

आणि ओढ नेहमी नवऱ्यालाच जास्त असते हेही डोक्यातून काढा. जिथं ती बायकोला जास्त असते, तिथं ती बाई मैत्रिणीलाही सांगू शकत नाही, इतकी कोंडी होते.

प्रत्येक स्पर्शाचा शेवट ठरलेला असणं

मला ही सगळ्यांत मोठी चूक वाटते. रात्रीचे साडेदहा. ओट्यापाशी ती विरजण लावतेय. तो मागून येऊन खांद्यावर हात ठेवतो. तिचे खांदे आक्रसतात. पातेलं उगाच इकडचं तिकडं सरकवत ती म्हणते, "आज नको हं, लई दमलोय." तो म्हणतो, "मी काय म्हटलं का?" आणि निघून जातो. खरंच त्यानं काही मागितलेलं नसतं. पण कित्येक वर्षं खांद्यावरचा हात एकाच कारणासाठी येत असेल तर अंग आधीच सावध होतं. मग ती टीव्हीसमोर शेजारी बसणंही टाळते, तो हात लावणंच सोडतो, आणि ज्या साध्या जवळिकीतून ओढ जागी झाली असती तीच घरातून जाते.

यावर मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधक जोडीनं १९७० साली मांडलेली पद्धत आजही वापरली जाते. सुरुवातीला संबंध पूर्ण बंद, गुप्तांगांना स्पर्शही बंद. पाठीवरून, हातांवरून, केसांतून आळीपाळीनं हात फिरवायचा आणि कसं वाटतंय एवढ्याकडंच लक्ष द्यायचं. पुढं काही होणार नाही हे आधीच ठरलेलं असल्यानं एकाची धास्ती जाते आणि दुसऱ्याचा नकाराचा घावही टळतो. घरी करायचं तर पंधरा दिवस असे ठरवा. रंकाळ्यावर हातात हात घालून मारलेली फेरीही त्यातच धरा. हा नियम ज्याला जास्त ओढ आहे त्यानं कसोशीनं पाळायला हवा. मधेच "आता एवढं झालंच आहे तर..." म्हटलं की सगळं मुसळ केरात.

घर आणि कामाची पाळी न बघता माणसाला दोष देणं

पेठेतलं दोन खोल्यांचं घर, प्लायवूडचं पार्टिशन, पलीकडं सासऱ्यांचा खोकला, अलीकडं दोघांच्या मधोमध झोपलेलं पोर. शिरोलीच्या फौंड्रीतून तिसरी पाळी करून नवरा सकाळी येतो तेव्हा ती डबे भरत असते. यात इच्छा कुठून यायची? पोराचं अंथरूण आजीशेजारी घाला. थोरली माणसं जोतिबाला नाहीतर नरसोबाच्या वाडीला गेली की ती दुपार धुणीभांड्यांत घालवू नका. जमेल तेव्हा एक रात्र पन्हाळ्यावर काढा. ठरवून जवळ येणं कृत्रिम वाटतं अशी तक्रार असते. पण लग्न ठरल्यावर तरी आपण वेळ ठरवूनच भेटत होतो की! आणि तिच्या हातातली निम्मी कामं उचलल्याशिवाय तिनं दमू नये अशी अपेक्षा ठेवू नका.

अंथरुणातच विषय काढणं

नकार नुकताच मिळालाय, एकजण दुखावलाय, दुसरा अपराधी झालाय. त्या क्षणी बोललं की भांडणच होतं. दिवसा, फिरताना बोला. "तू कधीच..." असं सुरू करण्याऐवजी "मला तुझी आठवण येते, घरात असूनसुद्धा" म्हणा. नको असेल त्यानंही नुसतं तोंड फिरवू नये. "आज दमलोय, पण जवळ झोपायला आवडेल" एवढं सांगता येतं. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून हे विषय मराठीत उघडपणे मांडले. शंभर वर्षं होत आली, तरी बंद खोलीत नवरा-बायकोला शब्द सापडू नयेत याचं मला वाईट वाटतं.

हिशेब, अबोला, जबरदस्ती

आठवड्यातून किती वेळा, याचा कुठलाही बरोबर आकडा नाही. शेजारच्यांशी, मित्रांच्या बढायांशी तुलना करू नका. नकाराची शिक्षा म्हणून अबोला धरला किंवा घरखर्चाला पैसे अडवले तर समोरचा कदाचित "होकार" देईल, पण केवळ कटकट नको म्हणून. अशा प्रत्येक वेळेनंतर त्याची ओढ आणखी कमी होते. जबरदस्ती तर कुठल्याच नात्यात चालणार नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळाचाही समावेश आहे. असं घडत असेल तर हा ओढीतल्या फरकाचा प्रश्न राहिलेला नाही. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा.

शरीर न तपासता भिंतीवरच्या जाहिरातीला भुलणं

बाळंतपणानंतर अंगावर पाजताना, पाळी जाण्याच्या वयात, थायरॉईड, मधुमेह किंवा रक्तक्षयात इच्छा कमी होऊ शकते. नैराश्याच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही होते; पण त्या मनानं बंद करू नका, डॉक्टर औषध बदलू शकतात. रोजची दारूही कारण असते. संबंधाच्या वेळी दुखत असेल तर सोसू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. कोरडेपणासाठी पाण्यावर आधारित जेली मेडिकलमध्ये मिळते. कंडोम वापरत असाल तर खोबरेल लावू नका, त्यानं लॅटेक्स कमजोर होऊन फाटतं.

"शक्तिवर्धक" पुड्यांपासून लांब राहा. सिल्डेनाफिलची गोळी ताठरतेसाठी असते, तिनं इच्छा येत नाही. आणि छातीत दुखण्यावरच्या नायट्रेट गोळ्यांबरोबर ती घेतली तर रक्तदाब धोकादायकरीत्या खाली जातो. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून सुरुवात करा. मन खचलं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मोफत बोलता येतं. डॉक्टरांकडं जमल्यास दोघं मिळून जा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, आणि त्रास कधीपासून सुरू झाला हे आधी घरी आठवून ठेवा. टेस्टोस्टेरॉन या हार्मोनची रक्ततपासणी सांगितली तर ती सकाळीच करून घ्या. दिवसभरात त्याचं प्रमाण उतरत जातं.